एम.ए.चा संशोधन प्रकल्प : गाईडची फक्त सही घेऊ नका, त्यांच्याकडून शिकून घ्या

दरवर्षी एम.ए.चे तिसरे सत्र सुरू झाले की आमच्या अभ्यासिकेत एकच प्रश्न घेऊन मुले-मुली येतात. "दादा, प्रकल्प करायचाय. विषय द्या ना." कुणी मराठीचे असते, कुणी इतिहासाचे, कुणी पालीचे, कुणी समाजशास्त्राचे. आम्ही विचारतो, "तुला स्वतःला कशाबद्दल जाणून घ्यायचंय?" यावर बहुतेक जण गप्प बसतात. हा प्रश्न त्यांना पहिली ते बी.ए. या पंधरा वर्षांत कुणी विचारलेलाच नसतो.

मग चौथे सत्र संपत येते. कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात जुना प्रकल्प मिळतो, त्यावर नवे नाव टाकले जाते, स्पायरल बाइंडिंग होते, गाईडची सही होते आणि गुणही मिळतात. विद्यार्थी सुटला म्हणून खूश आणि गाईडही सुटले म्हणून खूश. पण पुढे हाच विद्यार्थी पीएच.डी.च्या मुलाखतीला जातो. तिथे "तुमचा संशोधन प्रश्न काय?" असे विचारले की त्याला घाम फुटतो. तो हुशार नसतो असे नाही. जी एक गोष्ट शिकण्याची संधी त्याला एम.ए.मध्ये मिळाली होती, ती त्याच्या हातून निसटलेली असते.

म्हणून हा लेख. एका विद्यार्थ्याने एका शिक्षकाच्या देखरेखीखाली स्वतःचे वाचन आणि संशोधन करायचे, हा प्रकार नेमका काय आहे, त्याचा पुरेपूर उपयोग कसा करायचा आणि आपल्या समाजातील मुलांसाठी तो इतका महत्त्वाचा का आहे, ते आम्ही इथे सांगणार आहोत.

हा प्रकार काय आहे?

परदेशातील अनेक विद्यापीठांत 'इंडिपेंडंट स्टडी' किंवा 'डायरेक्टेड रीडिंग' नावाचा विषय असतो. त्याला वर्ग नसतो आणि तयार अभ्यासक्रमही नसतो. विद्यार्थी एका प्राध्यापकाकडे जातो, आपल्याला काय अभ्यासायचे आहे ते सांगतो. दोघे मिळून वाचनाची यादी ठरवतात, किती वेळा भेटायचे ते ठरवतात आणि शेवटी काय लिहून द्यायचे तेही ठरवतात. हे सगळे सुरुवातीलाच कागदावर येते. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमध्ये तर पदवीच्या मुलांनाही शिक्षकासमोर एकट्याने किंवा दोघा-तिघांनी बसून आपला निबंध मांडावा लागतो आणि त्यावरच्या प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात.

आपल्याकडे ही संधी फार उशिरा, म्हणजे एम.फिल. किंवा पीएच.डी.ला मिळायची. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर चित्र बदलले. एम.फिल. बंद झाली. महाराष्ट्रातील विद्यापीठांत २०२३-२४ पासून लागू झालेल्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर आराखड्यात पहिल्या सत्रात संशोधन पद्धती हा ४ श्रेयांकांचा विषय आला. तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्या सत्रात ६ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प आला. म्हणजे पूर्वी निवडक मुलांना मिळणारी गोष्ट आता एम.ए.च्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला आली आहे. कागदावर तरी.

बाबासाहेब असेच शिकले

आपण बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी जयंतीच्या भाषणात तोंडपाठ म्हणतो. त्या पदव्या त्यांनी कशा मिळवल्या, हे मात्र क्वचितच सांगतो.

बाबासाहेब जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्राबरोबर इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र असे विषय घेतले. १९१५ मध्ये प्राचीन भारतातील व्यापारावर प्रबंध लिहून त्यांनी एम.ए. केले. ९ मे १९१६ रोजी अलेक्झांडर गोल्डनवायझर या मानववंशशास्त्रज्ञाच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. तेव्हा ते २५ वर्षांचे होते. तो निबंध पुढच्या वर्षी 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात छापून आला. आज जातिसंस्थेचा अभ्यास करणारा कुणीही तो निबंध टाळून पुढे जाऊ शकत नाही. लक्षात घ्या, त्याची सुरुवात एका विद्यार्थ्याने शिक्षकांसमोर आणि सहाध्यायांसमोर वाचलेल्या निबंधाने झाली. आजच्या भाषेत सांगायचे तर तो एक सेमिनार पेपर होता.

कोलंबियात अर्थशास्त्रात त्यांना एडविन सेलिग्मन यांचे मार्गदर्शन मिळाले. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा प्रबंध १९२५ मध्ये पुस्तकरूपाने आला, तेव्हा त्याला सेलिग्मन यांनीच प्रास्ताविक लिहिले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांना एडविन कॅनन लाभले. तिथे १९२१ मध्ये एम.एस्सी. झाली. रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध मात्र पहिल्या फेरीत स्वीकारला गेला नाही, तो दुरुस्त करून पुन्हा सादर करावा लागला. १९२३ मध्ये पदवी मिळाली आणि त्याच वर्षी पुस्तक निघाले. कॅनन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली आणि त्यात आपण लेखकाच्या अनेक मतांशी सहमत नाही, असे मोकळेपणाने नोंदवले. तरीही या मांडणीतला ताजेपणा आणि विचाराला चालना देण्याची ताकद त्यांनी मान्य केली.

यातून आपण तीन गोष्टी घ्याव्यात. पहिली, गाईडशी मतभेद असणे म्हणजे त्यांचा अपमान करणे नव्हे. पुराव्यानिशी केलेला मतभेद चांगल्या शिक्षकाला आवडतो. दुसरी, परत आलेले लिखाण म्हणजे अपयश नव्हे. बाबासाहेबांचेही परत आले होते. आपल्या पोरांचा पहिला मसुदा लाल शाईने भरून आला की ती खचतात, "आपल्याला जमणार नाही" म्हणतात. त्यांना हा प्रसंग आवर्जून सांगा. तिसरी गोष्ट साधी आहे. १९१७ मध्ये बाबासाहेब भारतात परतत असताना त्यांची पुस्तके आणि सामान घेऊन निघालेले जहाज पाणतीराने बुडाले आणि वर्षानुवर्षे जमवलेला ग्रंथसंग्रह गेला. आज आपल्याला जहाजाची भीती नाही, पण मोबाईल हरवतो आणि पेनड्राइव्ह बिघडतो. लिहिलेले रोज स्वतःला ईमेल करा.

३०० तासांचा हिशेब

श्रेयांक म्हणजे काय, हे बहुतेकांना माहीत नसते. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार एक श्रेयांक म्हणजे साधारण ३० तासांचे शिकणे. तिसऱ्या आणि चौथ्या सत्राचे मिळून १० श्रेयांक म्हणजे ३०० तास. दोन्ही सत्रांचे ३० आठवडे धरले तर आठवड्याला १० तास. रविवारी ४ तास आणि इतर दिवशी रोज एक तास, इतके पुरते.

आपली अनेक मुले शिकता शिकता नोकरी करतात. कुणी डिलिव्हरीला जाते, कुणी शिकवण्या घेते, कुणी घरचे सगळे उरकून कॉलेजला येते. त्यांना "दिवसभर ग्रंथालयात बसा" हा सल्ला उपयोगाचा नाही. पण रोज एक तास हा हिशेब जमण्यासारखा आहे. अट एवढीच की तो पहिल्या आठवड्यापासून सुरू झाला पाहिजे. शेवटच्या महिन्यात ३०० तास कुठूनही काढता येत नाहीत, आणि तिथेच झेरॉक्सचे दुकान आठवते.

विषय लहान करा

आमच्याकडे येणारे विषय असे असतात : 'बौद्ध स्त्रियांची स्थिती', 'आंबेडकरी साहित्याचा अभ्यास', 'धम्म आणि आधुनिक समाज'. हे विषय नव्हेत, ही ग्रंथालयातील अख्खी कपाटे आहेत. ३०० तासांत कपाट वाचून होत नाही.

विषय लहान करण्यासाठी स्वतःला चार प्रश्न विचारा. कोण? कुठे? कधी? आणि कोणत्या साधनांवरून? एक उदाहरण घेऊ. 'बौद्ध स्त्रियांची स्थिती' या विषयातून 'आमच्या तालुक्यातील दोन वस्त्यांमधील महिला मंडळांनी विहार उभारणीत केलेले काम, मंडळांच्या नोंदवह्या आणि दहा मुलाखतींच्या आधारे' असा विषय निघतो. 'आंबेडकरी साहित्य' यातून 'बहिष्कृत भारतच्या पहिल्या वर्षातील वाचकांची पत्रे कोणते प्रश्न मांडतात' असा प्रश्न निघू शकतो. पालीच्या विद्यार्थ्याने संपूर्ण त्रिपिटकावर लिहू नये. एखादे सुत्त घ्यावे, त्याचे दोन-तीन मराठी-हिंदी-इंग्रजी अनुवाद शेजारी ठेवावेत आणि एकाच महत्त्वाच्या शब्दाचे अनुवाद कसे वेगवेगळे झाले ते पाहावे. काम छोटे असले तरी ते खरे असते आणि आपले असते.

इथे एक गोष्ट मनमोकळेपणाने सांगतो. आमच्यातील एकाने एम.ए.ला असताना आपल्या वस्तीतील विहाराच्या इतिहासावर लिहायचे ठरवले होते. विभागातून उत्तर आले, "ही चळवळ झाली, हे संशोधन नाही." तो गप्प बसला आणि यादीतला एक तयार विषय घेतला. आज त्या विहाराच्या उभारणीत असलेली पहिली पिढी हयात नाही. ती माहिती आता कुणाकडेही नाही. ही खंत आम्हाला अजून सलते, आणि या लेखामागचे खरे कारणही तेच आहे.

गाईडशी बोलणे कसे करावे

पहिल्या भेटीला रिकाम्या हाताने जाऊ नका. एका पानावर एवढे लिहून न्या : माझा प्रश्न काय, तो मला का पडला, मी आतापर्यंत कोणती दोन-तीन पुस्तके वाचली, मला कोणती साधने मिळू शकतात. "सर, विषय द्या" म्हणणारे तीस विद्यार्थी असतात. "मॅडम, मला हा प्रश्न पडलाय, तो बरोबर मांडलाय का?" म्हणणारा एखादाच असतो, आणि तो गाईडच्या लक्षात राहतो.

त्याच भेटीत पाच गोष्टी ठरवून घ्या :

- किती दिवसांनी भेटायचे. पंधरा दिवसांतून एकदा, वीस मिनिटे, इतके पुरे आहे.
- भेटीआधी काय पाठवायचे. दोन पाने लिखाण किंवा वाचलेल्या पुस्तकाचे टिपण.
- वाचनाची यादी. दहा ते पंधरा पुस्तके-लेख, त्यातील पाच अनिवार्य.
- प्रकरणे कोणत्या तारखांना द्यायची.
- शेवटी किती पानांचे लिखाण अपेक्षित आहे आणि गुण कशाला आहेत.

भेट झाली की त्याच संध्याकाळी चार ओळींचा ईमेल पाठवा : आज असे असे ठरले, पुढच्या वेळी मी हे घेऊन येईन. यात उद्धटपणा नाही. शिक्षकांकडे बरेच विद्यार्थी असतात, त्यांनाही याची मदतच होते. आणि पुढे काही वाद झाला तर हीच तुमची नोंद असते.

वाचायचे म्हणजे काय करायचे

आपण परीक्षेसाठी वाचतो तेव्हा लेखकाचे म्हणणे पाठ करतो. संशोधनासाठी वाचताना लेखकाला प्रश्न विचारायचे असतात. कुणी सांगितले, ग्रंथात लिहिले आहे किंवा परंपरेने आले आहे एवढ्यावर विसंबू नका, स्वतः तपासून पाहा, असे कालामांना सांगणाऱ्या बुद्धांचे आपण अनुयायी आहोत. ही दृष्टी पुस्तकालाही लावायला हवी, आणि आपल्याला आवडणाऱ्या पुस्तकाला तर आधी लावायला हवी.

प्रत्येक पुस्तकासाठी वहीत एक पान ठेवा आणि त्यावर चार गोष्टी लिहा. लेखकाचा मुख्य दावा काय? त्यासाठी पुरावा कोणता दिला? कोणते बोलणे राहून गेले? माझ्या प्रश्नाला याचा काय उपयोग? पुस्तकाचे नाव, प्रकाशक, वर्ष आणि पान क्रमांक तिथल्या तिथे लिहा. नंतर शोधायला बसलात तर दोन दिवस जातात. पंधरा पुस्तकांची अशी पंधरा पाने झाली की तुमचे पूर्वसंशोधनाचे प्रकरण अर्धे तयार असते.

साधने कुठे मिळतील? महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रकाशित केलेले बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड अनेक ग्रंथालयांत आहेत. 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' यांचे अंक पुनर्मुद्रित झाले आहेत. 'शोधगंगा' या संकेतस्थळावर देशभरातील पीएच.डी.चे प्रबंध मोफत वाचता येतात. आपल्या विषयावर आधी कुणी काय केले आहे ते तिथे पहिल्या आठवड्यातच पाहून घ्या.

आपल्या घरातली कागदपत्रे

आपल्या मुलांना वाटते की साधने दिल्ली-मुंबईच्या अभिलेखागारात असतात. ती आपल्या घरातल्या पत्र्याच्या पेटीतही असतात. बौद्ध पद्धतीने झालेल्या पहिल्या लग्नांच्या पत्रिका, जयंती मंडळाच्या पावत्या, विहार समितीचे इतिवृत्त, १९५६ च्या दीक्षा सोहळ्याला गेलेल्या आजी-आजोबांच्या आठवणी, गायन पार्ट्यांच्या वह्या. हे सगळे इतिहासाचे साहित्य आहे.

ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना गावोगावी जाऊन गाठले, त्यांच्या मुलाखती घेतल्या आणि 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ मध्ये सिद्ध केले. ते झाले नसते तर त्या स्त्रियांची नावेही आज कुणाला ठाऊक नसती. एलिनॉर झेलियट या अमेरिकन संशोधिकेने आपल्या चळवळीवर पेनसिल्व्हानिया विद्यापीठात प्रबंध लिहिला, त्याला १९६९ मध्ये पदवी मिळाली. त्यांचे ऋण मोठे आहे. पण पन्नासहून अधिक वर्षांनंतरही आपल्याच आजीची मुलाखत कुणीतरी दुरून येऊन घ्यावी, अशी वाट आपण पाहायची का?

मुलाखत घेताना परवानगी घ्या. नाव छापायचे की नाही, ते विचारा. मूळ कागद घेऊन जाऊ नका, फोटो काढा आणि कागद जागेवर ठेवा. प्रकल्प पूर्ण झाला की एक प्रत त्या घरी, त्या विहारात द्या.

यात एक सावधगिरी हवी. गोपाळ गुरू यांनी २००२ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'तील लेखात दाखवून दिले की सामाजिक शास्त्रांत सिद्धान्त मांडण्याचे काम मूठभर उच्चवर्णीयांकडे राहते आणि दलितांच्या वाट्याला माहिती गोळा करणे येते. म्हणून दहा मुलाखती जमवून थांबू नका. त्यातून काय दिसते, का दिसते, आधीच्या अभ्यासकांचे म्हणणे त्याने पटते की खोडले जाते, हे लिहा. माहितीवर स्वतःचे मत मांडण्याचा अधिकार आपलाही आहे.

अडचणी आल्या तर

गाईड वेळ देत नसतील तर आधी लेखी विनंती करा, तारखा सुचवा. तरी काही हलले नाही तर विभागप्रमुखांना भेटा आणि गाईड बदलून मागा. जातीवरून टोमणे, मुद्दाम डावलणे असे घडत असेल तर तारीखवार नोंद ठेवा आणि महाविद्यालयातील समान संधी कक्ष किंवा अनुसूचित जाती-जमाती कक्षाकडे लेखी तक्रार करा. एकट्याने लढू नका, संघटनेला सोबत घ्या. त्याचबरोबर प्रत्येक लाल शेरा म्हणजे जातीयवाद, असेही समजू नका. लिखाणावरची टीका आणि माणसावरचा अपमान यांतला फरक ओळखता आला पाहिजे. पहिल्याने आपण वाढतो, दुसऱ्याविरुद्ध उभे राहायचे असते.

आणि नक्कल करू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधात १० टक्क्यांहून अधिक साम्य आढळले तर तो दुरुस्त करावा लागतो आणि ६० टक्क्यांच्या वर गेले तर नोंदणी रद्द होऊ शकते. मोबाईलवरील एआय अ‍ॅपकडून प्रकरण लिहून घेणारे तर दुहेरी फसतात. ही अ‍ॅप्स कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकांची नावे देतात आणि परीक्षकाने पुस्तक मागितले की उघडे पडायला होते. पण नियमांपेक्षा मोठी गोष्ट आपल्याकडे आहे. न दिलेले घेणार नाही, असे शील आपण दर वंदनेला ग्रहण करतो. दुसऱ्याचे वाक्य नाव न घेता उचलणे हेही त्यातच येते.

विहारांनी आणि संघटनांनी काय करावे

सगळा भार विद्यार्थ्यांवर टाकून चालणार नाही. प्रत्येक विहारात महिन्यातला एक रविवार प्रकल्प करणाऱ्या मुलांसाठी ठेवता येईल. आपल्या समाजातील सेवानिवृत्त प्राध्यापक, पीएच.डी. करणारे तरुण-तरुणी यांनी तिथे दोन तास बसावे आणि मुलांचे मसुदे वाचावेत. पूर्ण झालेल्या प्रकल्पाची एक प्रत विहाराच्या कपाटात राहावी. दहा वर्षांत त्या कपाटात आपल्या तालुक्याचा असा इतिहास जमेल, जो कुठल्याही विद्यापीठात मिळणार नाही.

यंदा जे तिसऱ्या सत्रात आहेत, त्यांना आमचे एकच सांगणे आहे. येत्या रविवारी घरातील सर्वात वयस्कर माणसाजवळ वही घेऊन बसा आणि एक प्रश्न विचारा. उत्तर लिहून घ्या. सोमवारी ते पान घेऊन गाईडकडे जा.

जय भीम! नमो बुद्धाय!